भरून ठेवलेला तांब्या

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते बहुधा हौस करणाऱ्याला भरावं लागत नाही. रत्नाकररावांच्या हौसेचं मोल हेमलताबाई भरत होत्या.

जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म काढून रत्नाकरराव निवृत्त झाले आणि त्यांनी कुमाऊंच्या डोंगरात एक छोटं घर घेतलं. उन्हाळ्यात जाऊन राहायचं, दिवाळी तिकडे करायची आणि थंडी पडायच्या आत कुलूप लावून जबलपुरातल्या महाराजपूरच्या घरी परतायचं, असा बेत. हेमलताबाईंनी मान डोलावली. सुट्टीचं घर सुट्टीपुरतं असतं, असा त्यांचा भाबडा समज होता.

पहिल्याच हिवाळ्यात घरानं आपला गुण दाखवला. नळाला पाणी तसंच ठेवून दोघं परतली होती. जबलपूरच्या माणसाला पाणी गोठतं हे फ्रिजपुरतंच ठाऊक. तिकडे पाइपात बर्फ झाला, पाइप उभा चिरला आणि दुपारच्या उन्हात बर्फ वितळल्यावर खोल्यांतून ओढा वाहिला. लाकडी जमीन फुगून वर आली. तेव्हा जेवता जेवता रत्नाकररावांनी जाहीर केलं, की वापरतं घर गोठत नाही. पुन्हा एकदा जरी पाइप फुटला, तर महाराजपूरचं घर किरायानं द्यायचं आणि बारा महिने डोंगरात राहायचं. राग बोलतोय, उद्या उतरेल, असं समजून हेमलताबाई गप्प बसल्या. राग उतरला. बेत मात्र राहिला.

पुढे रत्नाकरराव या विद्येत असे पारंगत झाले की विचारू नका. निघायच्या दिवशी बाहेरचा मोठा कॉक बंद करायचा, टाकी रिकामी करायची, गीझर उपसायचा, घरातले सगळे नळ उघडे टाकून पाइपातला थेंबन् थेंब काढायचा, उघड्यावरच्या पाइपांना गोणपाट गुंडाळायचं. यंदाही त्यांनी हे सारं केलं आणि सामान घेऊन खाली सडकेवर उभ्या गाडीकडे गेले. कुलूप लावायचं काम हेमलताबाईंकडे.

आता, हेमलताबाईंच्या माहेरची एक रीत होती. घर बंद करून गावाला जाताना देवापाशी एक तांब्या भरून ठेवायचा. कोरडं घर मागे सोडायचं नाही. त्यांची आई, अनसूयाबाई, म्हणायची, पाणी आपली वाट पाहतं, म्हणून माणूस परत येतो. हेमलताबाईंनी ही रीत कधी चुकवली नव्हती. त्यांनी बाहेर जाऊन मोठा कॉक उघडला. घरात सगळेच नळ धो धो वाहायला लागले. त्या धावत फिरल्या, एकेक नळ बंद केला, स्वयंपाकघरातल्या नळाखाली तांब्या भरला, तोही नळ घट्ट बंद केला. खालून हॉर्न वाजला. तांब्या देवापाशी ठेवून, हात जोडून, कुलूप लावून त्या उतरल्या. मोठा कॉक उघडाच राहिला.

हे त्यांना आठवलं जानेवारीत, एका सकाळी. जबलपूरला अशी थंडी पडली होती की नळाच्या पाण्यानं बोटं बधिर व्हावीत. भांडी विसळून त्यांनी नळ बंद केला आणि हात तिथंच थांबला. डोंगरातल्या त्या घराच्या भिंतींत पाणी भरून उभं आहे, हे त्यांना लख्ख दिसलं.

आतल्या खोलीत रत्नाकरराव टीव्हीवर पहाडातल्या बर्फाच्या बातम्या बघत होते आणि आपल्या घराचे पाइप कसे कोरडे ठणठणीत आहेत, हे अभिमानानं सांगत होते.

सांगावं तर इकडे आड, न सांगावं तर तिकडे विहीर. सांगितलं, तर आपण घर बंद करायच्या लायकीचे नाही हे सिद्ध होणार, म्हणजे ते बंदच करायला नको. न सांगितलं आणि पाइप फुटला, तर इतकं करूनही फुटतो म्हणजे तिथं राहायलाच हवं, असं ठरणार. दोन्ही वाटा त्याच डोंगरात जात होत्या. रत्नाकररावांचा फोन हळूच घेऊन त्यांनी डोंगरातल्या घराची किल्ली असलेल्या तिथल्या शेजारी बिष्टजींना फोन लावला, तर ते मुलीकडे पायथ्याच्या हलद्वानीला उतरलेले. बर्फ कमी झाला की वर जाईन, म्हणाले.

त्या सोमवारी पद्मजेबरोबर त्या नेहमीसारख्या नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेल्या. पद्मजा त्यांची शाळेतली सोबतीण, दोघींनी तीस वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलेलं. ती नर्मदा जयंतीला कोण काय गाणार ते ठरवत होती. हेमलताबाईंनी दिवा सोडला आणि त्यांना रडू फुटलं. इथली संध्याकाळ, ही बडबडी बाई, हा दिवा, सगळं एका पाइपावर टांगलेलं होतं. धूर लागला, असं त्यांनी पद्मजेला सांगितलं.

बिष्टजींचा फोन आला तो रत्नाकररावांनीच घेतला. बराच वेळ हूं, अच्छा, ठीक है, असं चाललं. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, पाइप फुटला. मग अगदी शांतपणे सांगितलं, की आपल्या जुन्या दोस्ताचा पुतण्या या घरात किरायेदार म्हणून यायला तयार आहे, आठवडाभरात निघू, दुरुस्ती करून घेऊ आणि तिकडेच राहू.

हेमलताबाईंनी पदरानं हात पुसले. "घराचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "कॉक मी उघडला होता. तांब्या भराले. बंद कराले विसरली."

"मालूम आहे मले," रत्नाकरराव म्हणाले. "बिष्टजींनं कॉक पाहिला. देवापाशी तांब्या पण पाहिला. बर्फानं बुड फुगलं, उभा नाही राहून राहिला म्हणे."

"मग काहून चाललो आपण? चूक तं माझी होती."

"अगं, फुटला तं फुटला. मले तिथंच राहाचं आहे." ते हसले, अगदी मायेनं. "तू तं तेव्हा पण काही बोलली नव्हती."

इतके दिवस ज्या चुकीखाली त्या दबून गेल्या होत्या, तिला काही किंमतच नव्हती. पाइप फुटता, न फुटता, जायचंच होतं. हेमलताबाईंना राग आला, आणि तो नवऱ्यापेक्षा जास्त स्वतःच्या त्या जुन्या गप्प बसण्याचा आला. पण त्या क्षणी त्या पुन्हा गप्पच बसल्या. सवय अशी एका दिवसात जात नाही.

आठवडा बांधाबांधीत गेला. रत्नाकरराव शीळ घालत ट्रंका भरत होते. हेमलताबाई त्यांचे स्वेटर घडी करून देत होत्या, औषधं वेगळ्या डब्यात घालत होत्या. बायको राजी झाली, असं त्यांनी गृहीत धरलं. तिच्या साड्यांचं कपाट कुणी उघडलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

निघायच्या सकाळी टॅक्सी दाराशी आली. सामान चढलं. रत्नाकररावांनी गॅस बघितला, खिडक्या बघितल्या आणि देवाला नमस्कार करायला वाकले. तिथंच त्यांची नजर अडली. तांब्या पालथा होता, घासूनपुसून, कोरडा.

"हेमा, तांब्या नाही भरला?"

"घर बंद करताना भरतात," हेमलताबाई म्हणाल्या. "मी कुठं घर बंद करून राहिली?"

रत्नाकरराव वाकलेले सरळ झाले. इतक्या वर्षांच्या संसारात ती रीत त्यांनाही पाठ होती, तिचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

हेमलताबाईंनी ओट्यावरचा डबा आणून त्यांच्या हातात दिला. वाटेसाठी पोळ्या आहेत, म्हणाल्या. एका माणसापुरत्या.