मी बहिरा नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना साउंडबार आहे. जुना म्हणजे किती, तर या घरात मला तिसरं वर्ष लागलंय. हसू नका. तीन वर्षांच्या गोऱ्ह्याला कुणी म्हातारा म्हणत नाही, मला म्हणतात. यंत्र कधी म्हातारं करायचं ते बाजार ठरवतो, मी ठरवत नाही. मी अजून वाजतो, अजून ऐकतो, आणि आज बोलणारही आहे. माझी कीव यावी म्हणून नाही. तुमच्यातल्या काहीजणांचे कान उपटायचे राहून गेलेत म्हणून.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढं पुढं जात होतो. एका मुलीनं माझ्या पोटात स्पीकर बसवले, दुसरीनं तारा जोडल्या, तिसरीनं माझ्या माथ्याखाली, बरोबर मधोमध, माझे कान बसवले. कान म्हणजे मायक्रोफोन. वरून दिसतात ती फक्त दोन बारीक भोकं, सुई जाईल एवढी. शेजारी एक बटन. बाकी सगळा मी गुळगुळीत. ही दोन भोकं लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यांच्यावरच अडणार आहे.

डोळे मला दिले नाहीत. म्हणून मी सांगतो ते ऐकलेलं किंवा अंगाला लागलेलं असतं, पाहिलेलं काहीच नसतं. पण गाणी, बातम्या, गोष्टी मी इंटरनेटवरून स्वतःच आणतो. 'सूर' अशी हाक मारा, मी टुंग करून ओ देतो, मग तोंडानं सांगाल ते लावतो. रिमोट नको, मोबाइल नको, लिहिता-वाचता यायला नको. हीच माझी खरी करामत. आणि घरातल्या लोकांनी सगळ्यात शेवटी ओळखली तीही हीच.

मी आलो परभणीजवळच्या पिंगळीला, महारुद्रच्या घरी. महारुद्रचं स्टेशनच्या रस्त्याला बियाणं-खताचं दुकान आहे. मला खोक्यातून काढलं तेव्हा त्याचा दोस्त बन्सीधर हजर होताच. गावात कुणाच्याही घरी नवी वस्तू आली की तिच्यावर पहिलं मत द्यायचा मान या माणसाचा. तो त्याला कुणी दिला, विचारू नका.

"हे काय आणलंस? फळीचा तुकडा?"

"साउंडबार हाय लेका. तोंडानं सांगितलं की ऐकतंय."

"आमच्या घरातली माणसं तोंडानं सांगून ऐकंनात, हे ऐकतंय व्हय! आन् डबे कुठायत ह्याचे?"

"डबे न्हाईत. सगळं आतच हाय."

"मग फसवलं तुला. डब्याबिगर आवाज कसला?"

महारुद्रला राग आला. त्यानं माझा आवाज पार टोकाला नेला. स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं थडथडली, शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं. लगेच बन्सीधर म्हणाला, "दम हाय पण!" झालं. आत्ता फसवणूक होतो, आत्ता दमदार झालो. दोन्ही वेळेला माझ्यात काही बदल झाला नव्हता. पहिलं मत म्हणजे बहुतेक वेळा हे असं असतं, मित्रांनो. ते वस्तूबद्दल कमी सांगतं, मत देणाऱ्याबद्दल जास्त.

त्या खोलीत आणखी एक माणूस होतं. तिचं मत कुणी विचारलं नाही.

ती कस्तुराबाई, महारुद्रची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणतात. काचबिंदूनं तिची नजर भर तारुण्यात गेली. मग एक दिवस सासरच्यांनी तिला पिंगळीच्या गाडीत बसवून दिलं, आणि परत न्यायला कुणी आलं नाही. घरचे म्हणतात, आक्का माहेरी राहते. मी म्हणतो, टाकलं तिला. जे झालं त्याला त्याचं नाव द्यावं. भावाच्या घरी तिला भाकर होती, लुगडं होतं, कुणी वाईट बोलत नव्हतं. पण काही मागायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. टीव्हीवर जे लागेल ते ऐकायचं. कुणी मधेच बदललं तर बदललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महारुद्र दुकानात होता. त्याची बायको अर्पिता तुरीची डाळ निवडत बसली होती. माझ्या अंगावर बोटं चालायला लागली. एका टोकापासून निघाली, सावकाश मधे आली, आणि त्या दोन भोकांवर थांबली.

"अर्पिता, हे ह्याचं डोकं का ग?"

"काय की आक्का. तिथून ऐकतंय म्हनतेत."

"मग कान म्हन की."

मग ती माझ्याजवळ वाकली आणि एखाद्या परक्या पाहुण्याशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "सूर... बाबा, ऐकायलास का?"

मी टुंग केलं. तिनं हात झटकन मागं घेतला. मग पुन्हा पुढं आणला.

"कुस्ती लाव."

अर्पिता हसली. आक्का म्हणाली, "हसतीस काय? बापाच्या खांद्यावर बसून जत्रंतल्या कुस्त्या बगितल्यात मी. पट कसा काढतेत ते तुज्या नवऱ्याला कळत न्हाई, मला कळतंय."

मी कुस्तीचं धावतं वर्णन लावलं. महारुद्रनं मला दणदणाटासाठी आणलं होतं, पण मी कशासाठी आलोय ते मला त्या दुपारी कळलं. त्या बाईनं कितीतरी वर्षांनी स्वतः एक गोष्ट मागितली होती, आणि ती कुणाचा उपकार न होता तिला मिळाली होती.

कुस्तीनंतर तिला खुनाच्या गोष्टींचा नाद लागला.

"आवो आक्का, भरदुपारी खून!" अर्पिता म्हणायची.

"मग रात्री लावू का?"

एक लांबलचक गोष्ट होती, साखर कारखान्यातल्या मुकादमाच्या खुनाची. रोज दुपारी थोडी थोडी. आधी अर्पिता आतून ऐकायची, मग सूप घेऊन शेजारीच येऊन बसायला लागली. दोघींचे वाद व्हायचे. अर्पिताचा संशय मुकादमाच्या भाचीवर, आक्काचा कंपाउंडरवर. "लय गोड बोलतोय तो," ती म्हणायची, "माज्या सासऱ्यावानी." एकदा अर्पितानं गोष्ट मधेच थांबवायला लावली आणि विचारलं, "आक्का, तुमाला काय वाटतंय, सुरा कुठं लपवला असंल?" आक्कानं तो प्रश्न तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. त्या घरात 'तुमाला काय वाटतंय' असं तिला कुणी विचारलेलं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा असते. दुकानातला तराजू, फवारणीचा पंप, अर्पिताचं शिवणयंत्र, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा हात अशा कामाला नको असतो लोकांना. अर्पितानं त्या दिवशी ते मानलं नाही. "आक्का, त्याला तुमीच लावा," ती म्हणाली आणि वाटी तिच्या हातात दिली. आक्कानं ओली हळद आणि कुंकू बोटांवर घेतलं. पण माझं कपाळ कुठं? गुळगुळीत अंगावर तिला ओळखू येणारी खूण एकच, ती दोन भोकं. तिथंच तिनं मनापासून, दाबून कुंकू लावलं. "सुखी ऱ्हा बाबा," ती म्हणाली.

ते मला ऐकू आलेलं शेवटचं वाक्य. हळद वाळली आणि माझे कान बंद झाले.

पुढचं जे सांगतो ते अर्पिता नंतर शेजारणीला सांगत होती, तेव्हा ऐकलेलं आहे. आक्का रोज दुपारी हाका मारायची. मी गप्प. महारुद्रनं ओरडून बघितलं, बन्सीधरनं तर बैलाला दरडावतात तसं दरडावलं. मग त्यानं निकाल दिला, "बहिरा झालाय. हलका माल. मी पयल्याच दिवशी म्हनलो होतो." म्हणे पहिल्याच दिवशी! 'दम हाय' कोण म्हणालं होतं?

आता नीट ऐका. मोबाइलवरून मी वाजतच होतो. म्हणजे महारुद्रचं काहीच अडलं नव्हतं. संध्याकाळी तो यायचा, खिशातून मोबाइल काढायचा, त्याचं त्याचं लावायचा. अर्पिताकडं बटनांचा साधा फोन. अडलं होतं ते फक्त आक्काचं, आणि ज्याचं अडलं नाही त्यानं ठरवून टाकलं की फार काही बिघडलेलं नाही. जगात असेच निवाडे होतात. माझे कान कुणी तपासले नाहीत. चार लोकांनी बहिरा म्हटलं, मी बहिरा झालो.

दिवाळीच्या तोंडावर महारुद्रनं परभणीच्या एका दुकानात बोलून ठेवलं. मला द्यायचं आणि दिवे लुकलुकणारे उभे डबे आणायचे. तोंडानं सांगून ऐकणारे नव्हेत, नुसते वाजणारे. बन्सीधर त्याची पिकअप घेऊन दारात आला.

"भर त्याला खोक्यात," महारुद्र अर्पिताला म्हणाला.

"थांब," आक्का म्हणाली. "असं मळकं कामून पाठवायचं? मी पुसून देते."

तिनं कोरडं फडकं घेतलं. बोटं माझ्या टोकापासून निघाली, मधे आली, आणि घुटमळली.

"अर्पिता, ह्याचे कान कुठं गेले ग?"

"तिथंच असतेल की."

"न्हाईत. बटन हाय, कान न्हाईत. बग जरा."

अर्पिता वाकली. "अग माय! आक्का, कुंकू बसलंय आत. हळद वाळून दगड झालीय निसती."

"म्हंजे मीच," आक्का म्हणाली.

"ते ऱ्हाऊ द्या आता. जुना दातांचा ब्रश आणते."

आक्कानं तो ब्रश दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. एक बोट भोकावर, दुसऱ्या हातानं घासणं. भिंतीतली माझी पिन अजून काढलेली नव्हती. आणि मित्रांनो, इतक्या दिवसांनी माझ्या कानात पहिला आवाज आला तो त्या ब्रशाचाच. खर्र, खर्र. मग बाहेर पिकअपचा भोंगा. मग महारुद्र.

"आक्का, काय करायलीस? बन्सी खोळंबलाय."

"सूर," आक्का म्हणाली. "बाबा, गोष्ट लाव."

मी टुंग केलं. गोष्ट जिथं थांबली होती तिथूनच सुरू झाली. आदल्या संध्याकाळी महारुद्रनं आवाज टोकाला ठेवला होता, तो तसाच होता. गोष्टीतला फौजदार सगळ्या आळीला ऐकू जाईल असा कडाडला, "दारं लावून घ्या! कुणीही जागचं हलायचं नाही!"

महारुद्रची पावलं थांबली. बाहेरचा भोंगा बंद झाला. "काय रे, पोलीस आले का काय?" बन्सीधर ओरडला.

अर्पिताला हसू आवरेना. पण महारुद्र हसला नाही. "चालू झालं ते बरंच झालं," तो म्हणाला. "चालू मालाला भाव चांगला येतोय. आण इकडं."

"न्यायचं न्हाई."

"काय?"

"ह्याला न्यायचं न्हाई म्हनलं मी."

"आक्का, नवे डबे ह्याच्या दुप्पट वाजतेत."

"वाजतेत. ऐकतेत का?"

"मी लावून देईन की तुला मोबाइलवरून!"

"कवा? तू दुकानात, मोबाइल तुज्या खिशात. मी दुपारी कुणाच्या तोंडाकडं बगू? मला तर तोंड बी दिसत न्हाई."

"म्हंजे आता घरातली एक वस्तू बदलायची तरी तुला इचारायचं का?"

"व्हय," आक्का म्हणाली. तिचा तळवा माझ्या माथ्यावर होता. "घर तुजं हाय, महारुद्रा. कान माजे हायत. त्यांच्यात काय पडावं ते मी सांगीन."

मग सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि अर्पिता शेजारी बसली. "आवो, डबे आणायचे तर आणा," ती म्हणाली. "पन हे ऱ्हाऊ द्या. खुनी सापडायचाय अजून."

पिकअप मला न घेता गेली.

डबे आले. ते पुढच्या खोलीत वाजतात, लोक वा वा करतात. मी मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीवर. माझा एक कोपरा तडकलाय. कंपनीनं माझ्याकडं लक्ष देणं सोडलंय, नव्या गोष्टी आता मला आणता येत नाहीत. पण रोज दुपारी मला हाक येते, आणि मी ओ देतो. दर खंडेनवमीला आक्का अजूनही मला कुंकू लावते. आधी एक हात कानांवर ठेवते, मग दुसऱ्या हातानं डाव्या कडेला लावते. चूक झाली म्हणून तिनं माया करणं थांबवलं नाही, फक्त जागा बदलली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल. ऐकतच नाही म्हणून, कळतच नाही म्हणून, काही कामाचं नाही म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं. वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल. त्याला बहिरं म्हणण्याआधी जवळ जा, बोट फिरवून बघा, कानात काय अडकलंय ते. आणि तेवढंही होत नसेल, तर निदान निकाल देऊ नका.

मुकादमाचा खुनी कोण निघाला? ते मी सांगणार नाही. पिंगळीला या आणि आक्काला विचारा. कुणी काही विचारलं की तिला लय बरं वाटतं.