काकांच्या खेटलेल्या चकत्या

माझी प्लेट कशी असते ते आमच्या प्रयोगशाळेत कुणालाही विचारा. जंतू पसरलेल्या थरावर औषधांच्या इवल्या चकत्या, सगळ्या सारख्या अंतरावर, बघत राहावं अशा. आणि आमच्या सगळ्यांत जुन्या सहकाऱ्याची, काकांची? जाऊ दे. आजारपणानंतर त्यांचा हात कापायचा, मेल्या चकत्या एकमेकींना खेटायच्या. निवृत्तीला चार महिने उरलेत म्हणून बाकीचे गप्प बसायचे. मी मात्र चारचौघांत त्यांना फैलावर घ्यायचे आणि ते चष्मा पुसत ऐकून घ्यायचे.

आमच्याच रुग्णालयात मूतखड्याच्या ऑपरेशननंतर माझ्या थोरल्या भावाला, दादाला, ताप चढला. त्याचा नमुना नेमका काकांच्या टेबलावर गेला. माझं डोकंच फिरलं. मी स्वतः दुसरी प्लेट लावली. सकाळी माझीच वाचली, काकांची न बघताच फ्रीजमध्ये ढकलली. माझ्या प्लेटवर चकतीभोवती छान गोल होता, तेवढ्या जागेत जंतू वाढले नव्हते. हे औषध चालेल, असं लिहून मी सही ठोकली.

दोन दिवस तेच औषध चाललं, ताप काही हटेना. दादा बरळायला लागला. वॉर्डाबाहेर वहिनी माझा हात धरून म्हणाली, "रिपोर्ट तूच दिलायस ना? मग मला काळजी नाही."

मी तशीच खाली प्रयोगशाळेत येऊन फ्रीजमधली काकांची प्लेट उजेडात धरली. त्याच औषधाचा गोल शेजारच्या चकतीच्या बाजूला फुगला होता, त्याला नाक आल्यासारखा.

गोल असा फुगवणारे जंतू एक प्रथिन बनवतात. ते औषधाच्या रेणूतलं कडं तोडतं आणि औषध अंगात निकामी होतं, प्लेटवर जंतू थोडे म्हणून छान गोल दिसला तरी. शेजारच्या चकतीतलं रसायन त्या प्रथिनालाच अडकवून ठेवतं, म्हणून तेवढ्या पट्ट्यात औषध शाबूत राहतं, जंतू मरतात आणि गोल फुगतो. पण त्यासाठी त्या दोन चकत्या जवळ हव्यात. हे मी परीक्षेत लिहून आलेय हो! तरी दिसायला बरं म्हणून वर्षानुवर्षं त्या लांब लावत आले.

धावत जाऊन डॉक्टरांना प्लेट दाखवली, माझा रिपोर्ट रद्द केला. औषध त्याच तासाला बदललं. मग काकांसमोर उभी राहिले. बरं झालं तुमचा हात कापतो, असं काहीसं बरळले.

"हात कापतो हे खरंय," ते म्हणाले. "पण त्या दोन चकत्या मी मुद्दाम जवळ ठेवतो. तुला कितीदा सांगायला गेलो. तू बोलूच द्यायची नाहीस."

मला तिथंच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, दादानं मला हाक मारली. मी काकांना ओढतच वॉर्डात नेलं. वहिनी होती, डॉक्टर होते, नर्स होत्या. सगळ्यांदेखत सांगितलं, की माझा रिपोर्ट चुकला होता आणि माझा भाऊ या माणसामुळे वाचलाय. काका चष्मा पुसत ऐकून घेत होते.