जादू न लागणारी बाई

मित्रांनो, फासा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सहा बाजू येतात. मला वीस आहेत. मी हिरवा, कडा झिजलेला, जुना फासा आहे आणि माझा सतराचा आकडा आता चाचपूनच वाचावा लागतो.

एका कारखान्यात साच्यात ओतून मला घडवलं. आकड्यांच्या खाचांत पांढरा रंग भरला, जास्तीचा पुसून काढला आणि एका जाड नियमपुस्तकाबरोबर मला खोक्यात बसवलं. ते खोकं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी आलं. त्यांच्या थोरल्या मुलाने ते पुस्तक इतकं पाठ केलं की सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणू लागले.

रविवारी दुपारी आईचं कापड बेतायचं टेबल रिकामं असे. त्यावर मास्तर खडूने गुहा आखायचा आणि तिथे काय घडेल ते तोच ठरवायचा. रिळं म्हणजे खांब, बटणं म्हणजे माणसं. बाकी प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं आणि त्याचा वार लागला की हुकला, हे मी सांगायचं. वीस पडले की टाळ्या. त्या टाळ्यांची मला चटक लागली होती, खोटं कशाला बोलू?

टेबलाशी खुर्च्या चारच. मास्तरची, त्याच्या धाकट्या बहिणीची, मावसभाऊ चष्मिशची आणि शेजारच्या लंबूची. चष्मिश वैद्य, लंबू जादूगार. मास्तरचा एक स्वतःचा नियम होता: पात्र मेलं की खुर्ची गेली. त्याच्या वर्गातल्या एका मुलाकडे बटणांच्या जागी ठेवायला रंगवलेले छोटे पुतळे होते, आणि मास्तरला तो मुलगा टेबलाशी हवा होता. धाकटीला हे माहीत होतं. आठवडाभर ती त्या एका दुपारसाठी जगायची.

तिचं पात्र तलवारवालीचं. लंबू दर खेळात तिला बेडूक करायचा आणि म्हणायचा, “चुकून लागलं गं!”

मास्तर लगेच नियम सांगायचा, “बेडकाला बोलता येत नाही. डराव म्हण.”

मग ती दोन-दोन तास डराव म्हणत बसे. आई आतून विचारायची, “काय गं, घसा बसला का तुझा?”

शेवटी तिने एकटीने ते जाड पुस्तक वाचून काढलं. तलवारवालीला म्हातारी ठरवून गावी धाडलं आणि डोंगरातली एक बाई घेऊन आली. या बाईला जादूरोध होता. म्हणजे कुणीही तिच्यावर जादू टाकली की आधी मला टाकायचं. अकरा किंवा वर पडले, तर जादू तिच्या अंगावरून ओघळून जाणार. मास्तरने पान तीनदा तपासलं. चूक सापडली नाही.

काय दिवस होते ते! बारा, सोळा, एकोणीस! लंबूची आग विझायची, बेडूक व्हायचं नाव नाही. ती इतकी हसायची की बटणं हलायची.

असं हसणं फार दिवस चालू देत नाहीत, मित्रांनो.

त्या रविवारी गुहेच्या दारावर चेटकीण होती. धाकटी म्हणाली, “मी पुढे होते. तिची जादू मला लागत नाही, तुम्ही मागून या.” ती गेली, चेटकिणीला पाडलं, सगळ्यांना वाट करून दिली. तेवढ्यात मास्तरने छत कोसळवलं. दगड म्हणजे काही जादू नव्हे. बाई बेशुद्ध पडली. तीन फेऱ्यांत उपचार झाला नाही, तर मेली.

“मी बरं करतो तिला,” चष्मिश म्हणाला.

“थांब. बरं करणं ही जादूच ना? मग रोध आहे.”

“अरे, पण मी तिच्याच बाजूचा आहे!”

“जादूला कुठे कळतं कोण कुणाचं?”

“मी रोध काढते की,” धाकटी म्हणाली.

“तू बेशुद्ध आहेस. बेशुद्ध माणूस बोलत नाही.”

“डराव!” लंबू खिदळला.

चष्मिशने पुस्तक ओढून घेतलं. मी त्याच्या कोपराशीच पडलो होतो, म्हणून मलाही ती ओळ दिसली: ‘बेशुद्ध मित्र उपचाराला राजी आहे असे धरावे.’ चष्मिशचे ओठ हलले. त्याने मास्तरकडे पाहिलं.

मास्तर शांतपणे म्हणाला, “तुझा वैद्यही जखमी आहे ना रे?”

चष्मिशने पुस्तक मिटलं.

“टाक,” मास्तर बहिणीला म्हणाला. “रोध तुझाच आहे.”

“बेशुद्ध माणूस फासे टाकतो वाटतं?” ती म्हणाली. पण टाकलं तिने मला. दहा किंवा खाली हवे होते. चौदा पडले. दुसऱ्यांदा अठरा. तिसऱ्यांदा तिने मला दोन्ही तळव्यांत धरून फुंकर घातली. तिचे हात ओले होते. मी जिवाच्या आकांताने लहान आकडा शोधला. वीस पडले.

लंबूने टाळ्या वाजवल्या.

धाकटीने खुर्ची नीट आत सरकवली आणि खोलीबाहेर गेली. “आज लवकर संपलं?” आईने विचारलं. “हो,” ती म्हणाली. पुढच्या रविवारी तिथे पुतळेवाला मुलगा बसला.

दोन वर्षांत खेळ बंद पडला. मुलं मोठी झाली, पुस्तक रद्दीत गेलं आणि मी शिलाई मशीनच्या खणात, तुटक्या सुयांमध्ये. आता ते मशीन धाकटी चालवते. दोरा शोधताना तिचं बोट मला लागतं. ती मला बाजूला सारते. टाकून कधी पाहत नाही.

परवा चष्मिश पँट घेऊन आला. चांगलं पोट सुटलंय त्याचं. खण उघडा होता, त्याने मला ओळखलं.

“अगं, त्या दिवशी ना, पुस्तकात...”

तिने टाचण्या तोंडात धरून वर पाहिलं.

“दोन बोटं आखूड कर,” तो म्हणाला.

मित्रांनो, फासे जपले नाहीत तरी चालेल, आम्ही प्लास्टिकचे. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला जपा. आणि त्याला वाचवणारी ओळ तुम्हाला दिसली, तर तेव्हाच मोठ्याने वाचा. नंतर गेलात, तर पँट तेवढी आखूड करून मिळते.