चवीचं रजिस्टर

दुर्गाबाईंना अकरा वाजले की ज्योतीराम दिसतो. बाह्यांवर रंगाचे शिंतोडे, हातात ताट. बोलत नाही काही, नुसतं ताट पुढे धरतो. दुर्गाबाई घरात असोत नाहीतर निघोजे गावच्या पारापाशी, त्यांचा हात डाव शोधायला लागतो. नवरा कोंडाजी म्हणतो, "अगं, गेलेला माणूस हाय तो. सोड आता." सोड म्हणे. सोडता आलं असतं तर महिनाभर त्या बाजारात दुधी चाखत कशाला फिरल्या असत्या? भाजीवाल्याच्या पाटीतला एकेक दुधी नखानं खरवडून जिभेवर लावायचा आणि थुंकायचं. आता तो भाजीवाला त्यांना लांबूनच हात जोडतो.

ज्योतीराम गेला तो त्यांच्याच हातची दुधीची भाजी खाऊन.

गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये दुर्गाबाई अकरा वर्षं मुख्य स्वयंपाकीण होत्या. तीनशे माणसं जेवायची. दोन वर्षांपूर्वी सरकारी तपासणी झाली आणि भिंतीला रजिस्टर टांगलं गेलं. वाढण्याआधी स्वयंपाक करणाऱ्यानं प्रत्येक पदार्थ चाखायचा, वेळ लिहायची, सही करायची. दुर्गाबाईंचं टाळकंच सरकलं. दुधी चिरताना फोड तोंडात टाकायची, कडू लागला तर विषारी म्हणून फेकायचा, हे त्यांना कुठल्या साहेबानं शिकवलेलं नव्हतं. पण संकष्टीचं काय? चंद्र दिसेपर्यंत जिभेवर कण ठेवायचा नाही हा त्यांचा नेम लग्नाआधीपासूनचा.

"माझ्या तोंडात काय घालायचं आन कवा, ते सरकार ठरवणार व्हय?" त्यांनी सुपरवायझर दिग्विजयला विचारलं.

"मावशी, त्या दिवशी दुसऱ्या कुणाला चाखू द्या. त्याची सही चालते."

आपल्या स्वयंपाकावर दुसऱ्याची सही? ते तर त्यांना मुळीच पटेना. दिग्विजयला कटकट नको होती. "बरं, मग तुम्हीच करून टाका सही," तो म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

नुसती खोटी सही करायला मात्र दुर्गाबाईंचं मन धजेना. त्यांनी आपल्यापुरती वाट काढली. ज्योतीराम पेंट शॉपमधला, पन्नाशीचा, चिखलीला राहायचा. शुगरच्या गोळीमुळे तो सगळ्यांच्या अर्धा तास आधी जेवायला यायचा. संकष्टीला दुर्गाबाई त्याला वाढायच्या आणि समोर उभ्या राहून विचारायच्या, "कसं झालंय, भाऊ?"

"झकास. मीठ बरोबर हाये."

की मग त्या जाऊन सही करायच्या. दोन वर्षं असंच चाललं.

त्या संकष्टीला दुधीची भाजी होती. फोड तोंडात टाकली नाही, कारण उपास. ज्योतीरामनं घास घेतला, झकास म्हणाला. दुर्गाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी डावभर आणखी वाढली. तो नको म्हणत होता, तरी वाढली. त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं.

साडेअकराला बाकीची माणसं आली आणि पहिल्याच घासाला थुंकली. किसन नावाच्या वेल्डरनं ताटच उलटं केलं. कडूजहर. पातेलं बाहेर ओतलं गेलं, तेवढ्यात पेंट शॉपकडून पळापळ ऐकू आली. ज्योतीरामला रक्ताच्या उलट्या होत होत्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्याचा जीव गेला.

चौकशी लागली. दिग्विजय घरी येऊन म्हणाला, "मावशी, खरं तेच सांगा. ज्योतीरामनं चाखली, चांगली आहे म्हणाला. मी ऐकलंय की. तुमच्यावर सगळं येणार नाही." दुर्गाबाईंना ते पटलं. खोटं काय होतं त्यात? पण एवढी कडू भाजी माणूस गपगुमान खातो कसा, हे कोडं त्यांना जेवू देईना. शेवटी त्या चिखलीला गेल्या, ज्योतीरामच्या घरी.

त्याची बायको चिमाबाई भिंतीला टेकून बसली होती. दुर्गाबाईंनी उपासापासून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही.

"त्यांना चव नव्हती बाई," चिमाबाई म्हणाली. "करोनात गेली ती आलीच न्हाई. वासबी न्हाई. कंपनीला कळलं तर पेंट शॉपातून काढतील म्हणून दर वर्षी मेडिकलला खोटं सांगायचे."

दुर्गाबाईंनी विचारलं, "मग झकास कशाला म्हणायचे?"

"आम्हाला ठाव होतं ना, म्हणून घरात कुणी विचारायचंच बंद केलं, की भाजी कशी झालीय. तुम्ही विचारायच्या. घरी येऊन सांगायचे मला, दुर्गाबाईनं आज मला विचारलं म्हणून. लई बरं वाटायचं त्यांना."

दुर्गाबाई रडल्या. चिमाबाईनं त्यांचा हात धरला, पण तो धीर द्यायला नव्हे. "आमच्या पोरीला, साक्षीला, बापाच्या जागी कंपनीत घेतो म्हणालेत. त्यांनी आजार लपवला हे निघालं तर घेणार न्हाईत. तिलाबी ठाव न्हाई हे. मला काय म्हणायचंय ते कळतंय ना तुम्हाला?"

कळत होतं. भुकेच्या भरात माणसानं कडूही गिळलं असेल, असं साहेब समजतील; पण ज्योतीरामनं चाखून झकास म्हटलं असं बोलल्या, की साहेब पुढचं विचारणार, मग त्याला कडू कळलं कसं नाही? तिथून सगळंच उकललं असतं.

चौकशीच्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात सरकारी साहेब, दिग्विजय आणि दुर्गाबाई बसले. साहेब आवाज न चढवता विचारत होते, त्यानंच दुर्गाबाईंचा जीव जास्त घाबरा झाला. साहेबांच्या खुर्चीमागे ज्योतीराम ताट घेऊन उभा होता.

"सही तुमची आहे. भाजी तुम्ही चाखली होती?"

"न्हाई. संकष्टी होती."

"मग कुणी चाखली? त्या दिवशी कुणाला तरी विचारलं असेल ना तुम्ही?"

दिग्विजय त्यांच्याकडे बघत राहिला. बोला, मावशी, बोला. दुर्गाबाईंनी बघितलं ते मागच्या माणसाकडे. माझा उपास माझा म्हणून मी भांडले, आणि जीव दुसऱ्याचा गेला, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खरंच होतं.

"कुणीच न्हाई, साहेब. त्या भाजीची चव कुणीच घेतली न्हाई."

दिग्विजय खिडकीकडे बघायला लागला. खोट्या सहीला वाट त्यानंच दाखवली होती. बोलला असता तर त्याचीच मान अडकली असती. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. नोकरी गेलीच, आता खटलाही उभा राहील, असं त्यांनी समजावून सांगितलं.

बाहेर बाकावर चिमाबाई आणि साक्षी बसल्या होत्या. दार उघडंच होतं, आतलं सगळं बाहेर ऐकू गेलेलं. साक्षी उठून दुर्गाबाईंसमोर आली.

"नुसती एक फोड तोंडात टाकायची होती तुम्हाला," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी माझा बाप मारलात."

दुर्गाबाईंनी चिमाबाईकडे पाहिलं. चिमाबाईनं मान खाली घातली आणि लेकीच्या नोकरीच्या कागदांची फाईल पोटाशी धरली.

"व्हय, पोरी," दुर्गाबाई म्हणाल्या.