पलीकडच्या भाषेची काचखोली

सकाळी शिपाईमामा परकीय भाषा विभागाचे कुलूप काढतात. आधी ते खिडक्या ढकलतात, मग पाण्याचे पिंप भरतात आणि शेवटी माझ्या आतल्या मोडक्या खुर्च्या बाजूला सारून तिथे झाडू उभा करतात. माझ्या काचेवरून मात्र ते रोज ओले फडके फिरवतात. तसे करायला त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मित्रांनो, मी दुभाषी होऊ पाहणाऱ्यांच्या सरावाची एक जुनी काचखोली आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून सुताराने माझ्या भिंतींत जाड कापड भरले होते. एकाने भाषण ऐकता ऐकताच ते दुसऱ्या भाषेत सांगायचे, शेजारच्याने आकडे आणि नावे टिपून कागद त्याच्यापुढे सरकवायचा, घसा कोरडा पडला की कामे बदलायची, अशी इथली रीत होती. कितीतरी जणांची बोबडी वळलेली मी पाहिली. पुढे मोठमोठ्या परिषदा गाजवून तीच माणसे परत येत, काचेवर टिचकी मारत आणि म्हणत, "आमची जीभ इथंच सुटली."

नंतर याच विभागात आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यावर झुंबड उडाली. दूरच्या बड्या देशांच्या भाषा टिकल्या. सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांची भाषा, जिच्यासाठी मला बांधले होते, ती मात्र बंद झाली. "ती काय, सगळ्यांना थोडीफार समजतेच," असे बैठकीत ठरले. विभागप्रमुख बाईंनीही हात वर केला होता.

थोडीफार समजणारी ती माणसे हळूहळू थकली. मागे शेजारी देशाचे पाहुणे आले, तेव्हा दोन्हीकडचे लोक एका तिसऱ्याच, दूरच्या भाषेच्या आधाराने बोलले. पाहुण्यांचा विनोद आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यांचे हसून झाले होते. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाईंनी माझ्या आतला झाडू बाहेर काढून ठेवला.

माझे दार आता नीट लागत नाही. त्यामुळे काल बाईंच्या टेबलाशी झालेले बोलणे मला ऐकू आले. आंतरराष्ट्रीय संबंधांना प्रवेश मिळालेली एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती.

"बाई, यासोबत पलीकडची भाषा घेता येईल ना?"

"अगं, मोबाईल बोलतो की हल्ली सगळ्या भाषा," वडील म्हणाले.

"मग सुट्टीत आत्याचा मोबाईल का गप्प बसला होता, बाबा?" मुलगी बाईंकडे वळली. "माझी आत्या सीमेजवळच्या दवाखान्यात नर्स आहे. पलीकडून एक बाई आली. तिचं बोलणं मोबाईलला कळेना, म्हणून ती नुसती हातवारे करत होती. आत्या तिचंच पोट दाबून बघत बसली. आजारी होतं ते तिच्या कडेवरचं लेकरू."

"वाचलं ना पण ते?" बाईंनी विचारले.

"वाचलं. पण कळायला फार उशीर झाला."

बाई म्हणाल्या, "ती भाषा इथं मिळणार नाही, बाळ. आम्हीच बंद केली. चूक झाली. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात दोन्ही विषय जोडून शिकता येतात."

पलीकडच्या टेबलावरून कारकून म्हणाले, "बाई, आता पूर्वीसारखी झुंबड नाही, जागा भरताना आधीच नाकी नऊ आलेत. आलेलं गिऱ्हाईक कसलं परत पाठवताय!"

"विद्यार्थिनी आहे हो ती."

"एकटी राहणार ही?" वडिलांनी विचारले. "हिला सकाळी उठवायला अख्खं घर लागतं!"

"तिथं वसतिगृहाची घंटा असेल ना," मुलगी म्हणाली.

वडिलांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "आईला तूच सांगायचं. मी मध्ये पडणार नाही."

मित्रांनो, काय शिकायचे हे ठरवताना दूरचे जग अवश्य पाहा. पण आपल्या शेजारचा माणूस आपले दुखणे कोणत्या भाषेत सांगतो, हेही एकदा विचारा. माझ्यासारखी खोली सुतार पुन्हा बांधून देईल. भाषा शिकवणारी माणसे मात्र एकदा पांगली की सहजासहजी जमत नाहीत.

बाईंनी कपाट उघडले. मुलीच्या मूळ गुणपत्रिका शोधून काढल्या, प्रवेश रद्द केल्याच्या कागदावर सही केली आणि सगळे तिच्या हाती दिले. वडिलांनी ते कागद पिशवीत नीट ठेवले आणि दोघे जिना उतरून गेले.