खाल्ली कुठी, घासली

माझ्या रुखमाआत्याला हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय लागली ती तीन वर्षांपूर्वी. बैलाच्या शिंगाचा धक्का लागून तिचा वरचा समोरचा दात पडला. जिच्या हसण्याने पोंभुर्ण्यातले लग्नाचे मांडव दणाणायचे, ती बाई एकदम गप्प झाली. मला ते बघवेना. दातांची डॉक्टर होऊन चंद्रपुरात दवाखाना थाटला, तो काय फक्त परक्यांसाठी?

म्हणून मी तिच्या जबड्यात इम्प्लांटचा स्क्रू, वर धातूचं टोपण लावून, बसवला. कुणाच्या मदतीशिवाय बसवलेला हा माझा पहिलाच. त्याभोवती हिरडी नीट भरून आली की तीन महिन्यांनी वर दात चढवायचा. नाही भरली, तर स्क्रू काढावा लागणार आणि आत्या पुन्हा पदराआड जाणार.

दहाव्या दिवशी ती बसने आली. तिने तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. हिरडी पांढुरकी, जखमेच्या कडा उघड्याच. एव्हाना तिथे बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटून गुलाबी रंग चढायला हवा होता.

"आत्या, तुले मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तंबाखू खाते का?"

"नाई वो. खर्ऱ्याले कधी हात नाई लावला. गावाले विचार."

आत्या खोटं बोलत नाही. म्हणजे चुकला तो माझाच हात. पहिला प्रयोग घरच्याच माणसावर करायला तुला कुणी सांगितलं होतं, असं म्हणत मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडल्या.

तेवढ्यात आत्या "थोडं तोंड धुवाचं हाय" म्हणत बेसिनकडे गेली. तिने कमरेची डबी काढली, बोट आत घातलं आणि काहीतरी काळं काळं थेट हिरडीवर चोळलं.

"हे काय हाय?" मी ओरडलेच.

"गुडाखू. बसच्या घाईत सकाळचं राह्यलं होतं."

गुडाखू! तंबाखू आणि गुळाचं काळं मंजन. आमच्या भागात कितीतरी बाया त्याने दात घासतात. मी इथलीच, आणि मलाच विचारायचं सुचलं नव्हतं.

"आत्या, ते तंबाखूच असते!"

"असू दे ना. तू विचारलं, खाते का. म्या खाल्ली कुठी? घासली."

मी रागाने हातमोजे काढून आपटले. माझी मदतनीस पुनम मात्र भिंतीकडे तोंड करून खुदखुदत होती.

रक्तवाहिन्यांवर भाषण दिलं असतं, तर आत्याने मान डोलावून डबी परत कमरेला खोचली असती. म्हणून मी विचारलं, "धानाचे पऱ्हे उपटून बांधीत रोवणी केली का ते पिवळे पडते ना?"

"पडते. नवीन मुळं फुटले का मंग हिरवे होते."

"तुझ्या हिरडीतबी तशाच रक्ताच्या बारीक नळ्या फुटाच्या हाय. तंबाखूनं त्या आकसते, रक्त पोहोचत नाई. तू आपल्याच बांधीचं पाणी फोडून राह्यली, आत्या!"

आत्याने बेसिनवर खळखळून चूळ भरली. चाळीस वर्षं धान पिकवणाऱ्या बाईला भरल्या बांधीचं, भाताच्या खाचराचं, पाणी फोडणं म्हणजे काय, हे समजवावं लागत नाही. मी जखम साफ केली. जाताना तिने डबी मात्र टाकली नाही, कमरेला खोचूनच गेली. पुढचे तीन आठवडे माझ्या जिवाला घोर.

परत आली, खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा काय काढावं, तर तीच डबी! माझं डोकंच सणकलं.

"आत्या!"

"बोंबलू नोको. पह्यले पाह्य त खरी."

डबी आतून घासून लख्ख केलेली होती. झाकणाच्या आत टिकलीच्या पाकिटातला इवलासा आरसा चिकटवला होता.

"घासाची तलफ आली का हे उघडून पाह्यणं होते," ती म्हणाली. "रोवणी लागली का नाई म्हून."

तीन वर्षं आरशासमोर ओठ मिटून उभी राहणारी बाई रोज स्वतःचं तोंड उघडून बघत होती. मी दिवा ओढला आणि बघितलं. स्क्रूच्या टोपणाभोवती हिरडी घट्ट बिलगलेली होती.

"लागली, आत्या! लागली रोवणी!"

"हिरवी?"

"गुलाबी!"

आत्या हसली. दात चढायला अजून दोन महिने होते आणि फटीत ते धातूचं टोपण चमकत होतं, पण पदर खांद्यावरच राहिला. ती इतकी मोठ्याने हसली, की बाहेर बाकावर दाढ धरून कण्हणारे पेशंट पत्रूभाऊसुद्धा हसायला लागले.