साहेबांचं भाषण नको

नोटीस बोर्डावर कागद लागला: 'वर्षअखेरच्या सुट्टीनिमित्त आनंदमेळावा. सर्वांनी मनमोकळेपणाने आनंद लुटावा. गैरहजर राहणाऱ्यांनी लेखी कारण द्यावे.' खाली साहेबांची सही. नळ आणि तोट्या बनवणाऱ्या त्या कंपनीत आनंदसुद्धा सहीशिवाय सुटत नसे.

आनंदाची आखणी करायचं काम आवक-जावक टेबलावरच्या कारकुनांकडे आलं. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे होयबा म्हणायचं, आणि आता इतकी वर्षं झाली होती की तोंडावर म्हटलं तरी ते ओ देत. साहेब म्हणाले उकडतंय, की होयबा खिडकी उघडत. साहेब म्हणाले गारठा आहे, की तीच खिडकी लावत. चोवीस वर्षं हे चाललं होतं आणि खिडकीच्या बिजागऱ्या सोडल्या तर कोणाची तक्रार नव्हती.

"यंदा सगळं कर्मचाऱ्यांच्या मनासारखं होऊ दे," साहेब म्हणाले. "पेटी ठेवा. चिठ्ठीवर नाव नको. माणसं कशी मोकळी झाली पाहिजेत."

"हो साहेब."

तोट्यांच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडून पेटी तयार झाली. चार दिवसांत अडतीस चिठ्ठ्या जमल्या. माणसं किती मोकळी झाली होती पाहा: बत्तीस जणांनी 'साहेब ठरवतील तसे' असं लिहिलं होतं आणि पाच जणांनी 'आइस्क्रीम'.

उरलेली एक चिठ्ठी होयबांची. साहेब दरवर्षी जेवणाआधी चाळीस मिनिटं बोलत, त्यातली पंचवीस स्वतःच्या लहानपणावर. अशी चोवीस भाषणं होयबांनी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत ऐकली होती. त्या दुपारी त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे. सगळे डबे उघडून बसलेले असताना त्यांनी अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पेन डाव्या हातात धरलं आणि लिहिलं, 'साहेबांचे भाषण नको.' चिठ्ठी खोक्यात पडली तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटलं की ते उगाचच दोन जिने चढून-उतरून आले.

चिठ्ठ्या आपणच वाचून यादी करू असा त्यांचा हिशेब होता. पण पेटी साहेबांनी स्वतः उघडली.

"हे अक्षर बघा," त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं. "तुमच्या टेबलावरून सगळ्यांचे कागद जातात. कोणाचं?"

"सांगता येत नाही साहेब."

"रेघा उलट्या बाजूला कललेल्या आहेत. डावखुऱ्या माणसाचं आहे, बरोबर?"

"हो साहेब."

तोंडातून निघून गेलं आणि मग होयबांना आठवलं की ऑफिसात डावखुरी एकच आहे, टायपिस्ट. बिचारी 'आइस्क्रीम'वाली. संध्याकाळपर्यंत तिच्या बदलीचं पत्र तयार झालं. तीन तासांवरच्या गोदामात. पत्र होयबांच्याच टेबलावर आलं, जावक क्रमांक घालायला. तिची मुलगी पहिलीत होती आणि शाळा सुटल्यावर तिला आणायला तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. हे साऱ्या ऑफिसला माहीत होतं, साहेबांनासुद्धा.

होयबांनी पत्र पिशवीत घालून घरी नेलं. बायकोला सगळं सांगितलं.

"जन्मात एकदा खरं बोललात," ती म्हणाली, "तेही डाव्या हाताने. उद्या उजव्याने सांगून या."

सकाळी ते पत्र हातात घेऊन केबिनच्या दारात उभे राहिले.

"साहेब, ती चिठ्ठी मी लिहिली."

साहेबांनी चष्मा काढला. मग हसले. "बसा. टायपिस्टनं रडून सांगितलं का?"

"नाही साहेब, तिला अजून काही माहीत नाही. खरंच मीच लिहिली."

"चोवीस वर्षांत तुम्ही माझं एक तरी म्हणणं मोडलंत?"

"नाही साहेब."

"मग झालं तर."

होयबांनी कागद ओढला, पेन डाव्या हातात घेतलं. पण समोर साहेब बसलेले. हात असा लटलटला की जे उमटलं ते मराठी आहे की आणखी काही, हेही सांगता येईना. चिठ्ठीतल्या अक्षराशी त्याचं काडीचं नातं नव्हतं. साहेब उठून आले आणि त्यांनी होयबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सहकाऱ्यासाठी माझ्यासमोर खोटं बोललात. काळीज लागतं त्याला. द्या ते पत्र." आणि त्यांनी बदलीचं पत्र फाडलं.

लेकीला शाळेतून आणणारी आई जागच्या जागी राहिली. होयबांना खरंच आनंद झाला. थोडं कुठेतरी टोचलं, पण त्याची दखल घ्यायची त्यांना सवय नव्हती.

मेळाव्याच्या दुपारी साहेब पंचावन्न मिनिटं बोलले. जादा पंधरा मिनिटं त्यागावर होती: कसं एका महिलेच्या हातून चूक झाली, कसा एक निष्ठावान माणूस तिचा अपराध अंगावर घ्यायला आला, आणि साहेबांनी कसं मोठ्या मनानं दोघांचंही सगळं पोटात घातलं. नावं सांगितली नाहीत, फक्त बोटानं दाखवली. होयबांना शाल मिळाली. टायपिस्टला मात्र सगळं मिळालं. जेवणाच्या रांगेत तिला सगळ्यांनी पुढे केलं, स्टोअरकीपरनं स्वतःच्या वाटचं आइस्क्रीम तिच्या ताटात ठेवलं, आणि शिपाई हळूच म्हणाला, "बाई, आमच्या मनातलं लिहिलंत." होयबा जवळून गेले की तेवढ्यापुरती सगळ्यांची बोलणी थांबत.

ती ताट घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"काका, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"अगं, उपकार कसले? चिठ्ठी मीच लिहिली होती."

तिला इतकं हसू आलं की ठसका लागला. पाणी प्यायली, डोळे पुसले. "तुम्ही? काहीतरीच काय काका. बरं, मला तरी खरं सांगा, तुमच्या टेबलावरून सगळ्यांची अक्षरं जातात. कोण असेल हो?"

होयबांनी मांडीवरची शाल नीट केली. साहेब समोरच्या टेबलावरून त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते, म्हणून त्यांनी सवयीनं मान हलवली.

"असेल कोणीतरी हिंमतवाला," ते म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. "पण आपल्यात तसं आहे कोण?"